आलेखातील रेषेची जाडी, तुटकपणा आणि रंग कसा ठरवावा

पायथन भाषेतील मॅटप्लॉटलिब या आलेख काढण्याच्या साधनात कोणतीही वेगळी सूचना न देता काढलेली पहिली रेषा १.५ पॉइंट जाडीची, सलग आणि निळी येते. दुसरी नारिंगी, तिसरी हिरवी, आणि असे दहा रंग संपले की अकरावी रेषा पुन्हा निळी. ही मूळ मांडणी २०१७ साली आलेल्या २.० या आवृत्तीपासूनची आहे. त्याआधी रेषा १ पॉइंटची असे आणि रंगही बरेच भडक असत. एकाच रेषेचा आलेख पडद्यावर पाहून बाजूला ठेवायचा असेल, तर या मांडणीला हात लावण्याचे कारण नाही. अडचण येते ती एकाच चौकटीत चार-पाच रेषा आल्यावर, तो आलेख लहान करून अहवालात बसवल्यावर आणि तो अहवाल कुणीतरी काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर छापल्यावर. रेषांची सजावट या तिन्ही टप्प्यांचा विचार करून करावी लागते, आणि तो विचार आलेख पूर्ण झाल्यावर करण्यापेक्षा आधी करणे सोपे जाते.

पुढील विवेचन मुख्यतः मॅटप्लॉटलिबला धरून आहे आणि शेवटी ग्नूप्लॉट या आज्ञांनी आलेख काढणाऱ्या दुसऱ्या साधनातील वेगळेपण सांगितले आहे. गुणधर्मांची नावे येथे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष सूचना लिहिताना ती रोमन लिपीतील लहान अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता लिहायची असतात.

आधी आकृतीचे माप

रेषेची जाडी ‘लाइनविड्थ’ या गुणधर्माने ठरते आणि ती पॉइंटमध्ये मोजली जाते. एक पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग, सुमारे ०.३५ मिलिमीटर. हे माप कागदावरचे असल्यामुळे आकृती किती मोठी छापली जाणार आहे हे ठरल्याशिवाय त्याला अर्थ राहत नाही. काहीही न सांगता केलेली आकृती ६.४ इंच रुंद आणि ४.८ इंच उंच असते. ती नियतकालिकाच्या ३.५ इंच रुंदीच्या स्तंभात बसवली की सर्व मापे ०.५५ पटीने लहान होतात, म्हणजे १.५ पॉइंटची रेषा ०.८ पॉइंटची होते आणि अक्षांवरची १० पॉइंटची अक्षरे साडेपाच पॉइंटवर येतात. मग रेषा बारीक दिसते म्हणून जाडी ३ केली जाते, अक्षरे दिसत नाहीत म्हणून ती १८ केली जातात, आणि पडद्यावर अवजड दिसणारा तो आलेख छापील पानावर कसाबसा जमून येतो. त्यापेक्षा ‘फिगसाइझ’ला सुरुवातीलाच (३.५, २.६) असे अंतिम माप द्यावे आणि दस्तऐवजात आकृती शंभर टक्के मापानेच बसवावी. तसे केल्यास जितके पॉइंट लिहिले तितकेच छापले जातात आणि पुढचे सगळे निर्णय नेमके घेता येतात.

दुसरा गोंधळ ‘डीपीआय’चा, म्हणजे दर इंचातील पिक्सेलांच्या संख्येचा आहे. चित्र साठवताना हा आकडा वाढवला की रेषा जाड होतील अशी अनेकांची अपेक्षा असते, परंतु तसे होत नाही. १.५ पॉइंटची रेषा १०० डीपीआयला सुमारे २ पिक्सेल घेते आणि ३०० डीपीआयला सव्वासहा. कागदावरची तिची जाडी दोन्ही वेळा तीच राहते, फक्त कडा अधिक स्वच्छ होतात. मात्र अर्ध्या पॉइंटची रेषा १०० डीपीआयला एक पिक्सेलही भरत नाही, त्यामुळे ती पडद्यावर फिकट आणि धूसर दिसते. अशी रेषा पडद्यावर पाहून जाड करू नये. पीडीएफ किंवा एसव्हीजी स्वरूपात साठवून, मोठी करून पाहावी आणि मगच ठरवावे.

जाडीच्या आकड्यांबाबत माझा पायंडा असा आहे की, ज्या रेषेसाठी आलेख काढला ती १.८ ते २ पॉइंट, तुलनेसाठी घेतलेल्या रेषा १ पॉइंट, आणि जाळीच्या रेषा अर्धा पॉइंट. दोन रेषांमधील जाडीचा फरक दुपटीच्या जवळ नसेल तर तो फरक म्हणून वाचलाच जात नाही; १.५ आणि १.८ या दोन रेषा शेजारी ठेवल्या तर वाचकाला ती हातून झालेली चूक वाटते.

तुटक रेषा आणि तिचा हिशेब

‘लाइनस्टाइल’ या गुणधर्माला चार तयार खुणा देता येतात: सलग रेषेसाठी ‘-’, तुटक रेषेसाठी ‘--’, रेघ आणि ठिपका आलटून पालटून हवा असल्यास ‘-.’, आणि फक्त ठिपक्यांसाठी ‘:’. चार प्रकार पुरत नाहीत तेव्हा स्वतःचा नमुना (०, (१०, ४)) अशा रीतीने लिहिता येतो. यातील पहिले शून्य नमुना कोठून सुरू करायचा ते सांगते, आणि कंसातील आकडे रेघेची व मोकळ्या जागेची लांबी आळीपाळीने सांगतात. हे आकडे पॉइंटमध्ये नसून रेषेच्या जाडीच्या पटीत असतात, हे लक्षात न घेतल्याने पुष्कळ वेळ वाया जातो. जाडी १.५ असेल तर वरच्या नमुन्यात रेघ १५ पॉइंटची आणि मोकळी जागा ६ पॉइंटची येते. जाडी ३ केली की त्याच नमुन्यात रेघ ३० पॉइंटची होते आणि लहान आकृतीत रेषा तुटक आहे हे कळायलाही बरेच अंतर जावे लागते.

याच हिशेबातून लेजंडमधला, म्हणजे कोणती रेषा कशाची हे सांगणाऱ्या चौकटीतला, एक फसवा प्रकार उद्भवतो. लेजंडमध्ये प्रत्येक रेषेचा जो नमुना दिसतो त्याची लांबी ‘हँडललेंथ’ने ठरते, तिची मूळ किंमत २ आहे आणि ती अक्षरांच्या आकाराच्या पटीत मोजली जाते. अक्षरे १० पॉइंटची असतील तर नमुन्याला २० पॉइंट मिळतात. आपल्या रेषेचा एक पूर्ण फेरा मात्र १५ अधिक ६, म्हणजे २१ पॉइंटचा आहे. परिणामी लेजंडमध्ये एकच अखंड रेघ उमटते आणि तिच्यापुढे थोडी रिकामी जागा राहते. वाचकाला ती आखूड सलग रेषाच वाटते आणि आलेखातली तुटक रेषा कशाची हे कळायला मार्ग उरत नाही. हँडललेंथ ४ केली की ४० पॉइंटांत दोन रेघा आणि त्यांच्यातली मोकळी जागा स्पष्ट दिसते. तुटक नमुना स्वतः लिहिला असेल तेव्हा लेजंड डोळ्यांनी तपासल्याशिवाय आकृती पुढे पाठवू नये.

तुटक रेषा कोठे वापरू नये हेही ठरलेले असावे. नमुना वक्राच्या लांबीवर मोजला जातो, आडव्या अक्षावर नव्हे. त्यामुळे विदा (डेटा) खूप खालीवर होत असेल, उदाहरणार्थ संवेदकाने दर सेकंदाला नोंदवलेले मोजमाप असेल, तर नमुन्यातील रेघा त्या चढउतारांतच खर्च होतात आणि मोकळ्या जागा कोठेही, बहुधा नेमक्या एखाद्या शिखरावर पडतात. मग रेषा तुटक न दिसता विस्कटलेली दिसते आणि नोंदी गहाळ असल्याचा भास होतो. खडबडीत विदा सलग रेषेनेच काढावी, आणि तुटक नमुना गणिती प्रारूप, अपेक्षित मूल्य, मर्यादारेषा अशा गुळगुळीत गोष्टींसाठी राखून ठेवावा. मोजलेले ते सलग आणि गृहीत धरलेले ते तुटक, हा संकेत बहुतेक वाचकांना न सांगताही कळतो.

ठिपक्यांच्या रेषेतील ठिपके मुळात चौकोनी असतात, कारण प्रत्येक रेघेचे टोक सपाट कापलेले असते. गोल ठिपके हवे असल्यास ‘डॅशकॅपस्टाइल’ ही गोल करावी लागते. या नावात डॅश आणि कॅपस्टाइल यांच्यामध्ये अधोरेखेची खूण येते. गोल टोक रेघेच्या दोन्ही बाजूंना जाडीच्या निम्म्याइतके पुढे जाते, म्हणून रेघेची लांबी जवळजवळ शून्य ठेवावी आणि मोकळी जागा वाढवावी. (०, (०.१, २)) हा नमुना दिला की साधारण एका ठिपक्याएवढ्या अंतरावर गोल ठिपके मिळतात.

सलग रेषेच्या टोकांचाही असाच प्रश्न आहे, पण तो फक्त जाड रेषांच्या बाबतीत जाणवतो. मूळ मांडणीत सलग रेषेचे टोक जाडीच्या निम्म्याने पुढे गेलेले असते. एखाद्या कामाचा सुरुवातीपासून शेवटपर्यंतचा कालावधी ६ पॉइंट जाडीच्या आडव्या रेषेने दाखवला, तर ती दोन्ही बाजूंना ३ पॉइंट, म्हणजे सुमारे १ मिलिमीटर जास्त दिसते. जेथे टोकाची जागा हेच मूल्य असते, तेथे ‘सॉलिडकॅपस्टाइल’ला (याही नावात कॅपस्टाइलच्या आधी अधोरेखा येते) ‘बट’ ही किंमत द्यावी.

रंग आणि त्याची करडी छटा

रंग नावाने देता येतो, चालू रंगमालेतील क्रमांकाने म्हणजे ‘सी०’ ते ‘सी९’ असा देता येतो, किंवा लाल, हिरवा आणि निळा यांचे प्रमाण सांगणाऱ्या तीन आकड्यांनी देता येतो. हे तीन आकडे ० ते १ या टप्प्यात लागतात. इतर बहुतेक ठिकाणी ते ० ते २५५ असे सापडतात, म्हणून प्रत्येकाला २५५ ने भागून घ्यावे.

रंग निवडताना मी सर्वांत आधी त्याची करडी छटा काढतो. लाल घटक गुणिले ०.२९९, हिरवा गुणिले ०.५८७ आणि निळा गुणिले ०.११४, या तिघांची बेरीज केली की काळ्या-पांढऱ्या छपाईत तो रंग साधारण किती उजळ दिसेल ते कळते. मॅटप्लॉटलिबमध्ये ‘रेड’ म्हणजे (२५५, ०, ०) आणि ‘ग्रीन’ म्हणजे (०, १२८, ०). सूत्रात टाकल्यावर पहिल्याची छटा ७६ येते आणि दुसऱ्याची ७५. पडद्यावर ज्यांच्याइतका परस्परविरोध दुसऱ्या कुठल्या जोडीत दिसत नाही, त्या या दोन रेषा छापील पानावर एकाच करड्या रंगाच्या होतात. माझ्या एका जुन्या अहवालात नेमकी हीच जोडी होती आणि ‘लाल रेषा पाहा’ असे वाक्यही होते. छापील प्रत हातात आल्यावर ते वाक्य मलाच कळेना. लाल-हिरवा भेद न करता येणाऱ्या वाचकांची अडचण याहून वेगळी आणि कायमची आहे. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत अशांचे प्रमाण सुमारे ८ टक्के आहे, म्हणजे तेवढ्याच कारणासाठी ही जोडी सोडून देण्यासारखी आहे.

मासाताका ओकाबे आणि केइ इतो यांनी सुचवलेली आठ रंगांची माला या वाचकांना ध्यानात घेऊन केलेली आहे आणि ती सुरुवातीला वापरण्यास उत्तम आहे. तिच्यातील निळा (०, ११४, १७८), शेंदरी (२१३, ९४, ०), निळसर हिरवा (०, १५८, ११५) आणि नारिंगी (२३०, १५९, ०) हे चार रंग रेषांसाठी चांगले चालतात. पिवळा मात्र पांढऱ्या पार्श्वभूमीवर बारीक रेषेत टिकत नाही. तरीही वरचे सूत्र येथेही लावून पाहावे. या चार रंगांच्या छटा अनुक्रमे ८७, ११९, १०६ आणि १६२ येतात, म्हणजे शेंदरी आणि निळसर हिरवा छपाईत जवळजवळ सारखेच दिसणार. ही माला रंगभेदाची अडचण सोडवते, काळ्या-पांढऱ्या छपाईची सोडवतेच असे नाही. ती सोडवायची असेल तर रंगाच्या जोडीला रेषेचा प्रकार किंवा मार्कर (बिंदूवरची खूण) बदलावा, म्हणजे एक खूण गेली तरी दुसरी शिल्लक राहते.

हे प्रत्येक रेषेसाठी हाताने लिहिण्याऐवजी रेषांना क्रमाने रूपे देणारा ‘सायकलर’ वापरावा. रंगांची एक माला आणि रेषाप्रकारांची दुसरी माला तयार करून त्या अधिकचिन्हाने जोडल्या, तर पहिला रंग पहिल्या प्रकाराबरोबर, दुसरा दुसऱ्याबरोबर अशा जोड्या लागतात. त्यासाठी दोन्ही मालांची लांबी समान असावी लागते. गुणाकारचिन्हाने जोडल्या तर प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडी होते आणि चार रंग व तीन प्रकारांतून बारा रूपे मिळतात. बारा रेषा एका चौकटीत असाव्यात का, हा प्रश्न सायकलर विचारत नाही; तो आपणच विचारायचा असतो आणि उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असेच असते. अशा वेळी एक रेषा ठळक रंगात ठेवून बाकीच्या फिकट करड्या रंगात मागे ढकलणे अधिक वाचनीय ठरते.

मागे-पुढे करण्यासाठी ‘झेडऑर्डर’ आहे. रेषांची मूळ किंमत २ असते; ठळक रेषेला ३ दिली की ती इतर रेषांच्या वर काढली जाते. फिकटपणासाठी ‘अल्फा’ कमी करता येतो, पण पारदर्शक रेषा जेथे एकमेकींवर येतात तेथे रंग गडद होतो. शंभर रेषांची गर्दी कोठे दाटली आहे हे दाखवायचे असेल तर हा गुण उपयोगी पडतो, एरवी पारदर्शकतेपेक्षा थेट फिकट रंग निवडावा. शिवाय पोस्टस्क्रिप्ट स्वरूपात साठवताना मॅटप्लॉटलिब पारदर्शकता सोडून देते आणि रेषा पूर्ण रंगात येतात.

मार्कर

प्रत्येक मोजमाप वेगळे दिसावे म्हणून ‘मार्कर’ वापरतात. विदेत दहा-वीस बिंदू असतील तर प्रत्येकावर मार्कर ठेवणे योग्यच आहे, कारण मोजलेले काय आणि मधली जोडणी काय हे त्यामुळे कळते. पाचशे बिंदू असतील तर मार्करांची माळ होऊन रेषा झाकली जाते. तेव्हा ‘मार्कएव्हरी’ला ५० दिले की पन्नासांतून एकाच बिंदूवर खूण येते. दोन रेषांचे आडवे बिंदू तेच असतील तर एकीला (०, ५०) आणि दुसरीला (२५, ५०) द्यावे, म्हणजे खुणा एकमेकींवर न येता आळीपाळीने येतात. पोकळ वर्तुळ हवे असल्यास ‘मार्करफेसकलर’ पांढरा ठेवावा. तेथे ‘नन’ लिहिले तर वर्तुळाच्या आतून रेषा आरपार दिसते.

बिंदू कसे जोडायचे याचाही निर्णय घ्यावा लागतो. व्याजाचा दर, यंत्राची चालू-बंद स्थिती यांसारखी मूल्ये पुढच्या बदलापर्यंत तशीच राहतात. ती तिरप्या रेषेने जोडली तर मधल्या काळात मूल्य हळूहळू बदलल्याचा चुकीचा अर्थ निघतो. अशा विदेसाठी ‘ड्रॉस्टाइल’ला ‘स्टेप्स-पोस्ट’ द्यावे. याउलट, स्प्रेडशीटमध्ये बिंदू गुळगुळीत वक्राने जोडण्याची जी सोय असते ती टाळावी. तो वक्र दोन बिंदूंच्या मध्ये मोजमापापेक्षा वर किंवा खाली जाऊ शकतो आणि कधीही न नोंदलेले शिखर दाखवतो.

काढून झालेली रेषा बदलणे

‘प्लॉट’ हे फंक्शन काढलेल्या रेषा परत देते, आणि रेषा एकच असली तरी ती यादीतच येते. ती यादी थेट एका नावात ठेवून तिच्यावर ‘सेट’ने सुरू होणारी जाडीची पद्धत चालवली की, यादीला असा गुण नाही अशी चूक येते. नावानंतर स्वल्पविराम देऊन मग बरोबरचे चिन्ह लिहिले की यादीतील पहिली रेषा हातात येते. शिकणाऱ्यांपैकी फार थोडे या स्वल्पविरामावर अडखळत नाहीत. दुसऱ्या कुणाच्या फंक्शनने आलेख काढला असेल आणि रेषा हातात नसेल, तर अक्षाकडून ‘गेट-लाइन्स’ने सर्व रेषा मागवता येतात. तेथेही अधोरेखेचीच खूण वापरायची असते.

एकाच अहवालात अनेक आकृत्या असतील तर जाडी, रंगमाला, अक्षरांचा आकार आणि आकृतीचे माप एका शैलीफायलीत लिहून ठेवावे आणि प्रत्येक आज्ञावलीच्या सुरुवातीला ती फाइल ‘स्टाइल.यूज’ने बोलवावी. मापात बदल करायचा झाला तर मग तो एकाच ठिकाणी करावा लागतो.

ग्नूप्लॉट वापरणाऱ्यांसाठी

ग्नूप्लॉटमध्ये हेच गुणधर्म आज्ञेच्या शेवटी ओळीने लिहिले जातात: ‘लाइनविड्थ’, ‘डॅशटाइप’, ‘लाइनकलर’, ‘पॉइंटटाइप’. मोठा फरक असा की येथे जाडी पॉइंटमध्ये नसून निवडलेल्या टर्मिनलच्या, म्हणजे आलेख ज्या खिडकीत किंवा फाइल-स्वरूपात काढला जातो त्याच्या, मूळ जाडीच्या पटीत असते. त्यामुळे पडद्यावरच्या खिडकीत नीट दिसणारी जाडी पीडीएफमध्ये तशीच दिसेल असे धरून चालू नये. ‘डॅशटाइप’ ५.० या आवृत्तीपासून स्वतंत्र झाला आहे. त्याआधी तुटकपणा ‘लाइनटाइप’च्या क्रमांकाशी जखडलेला होता, त्यामुळे जुन्या आज्ञावली आज चालवल्या की एकेकाळच्या तुटक रेषा निमूटपणे सलग येतात. अशा आज्ञावलीत प्रत्येक रेषेला ‘डॅशटाइप’ स्पष्टपणे लिहावा.

‘सेट लाइनटाइप’ आणि ‘सेट स्टाइल लाइन’ या दोन आज्ञांची गल्लतही वारंवार होते. पहिलीने ठरवलेली रूपे पुढील आलेखांना क्रमाने आपोआप लागतात, तर दुसरीने ठरवलेले रूप ‘लाइनस्टाइल’ लिहून क्रमांकाने मागावे लागते. ते न मागितल्यास ठरवलेला रंग कोठेच दिसत नाही. रेषेवर बिंदूही हवे असतील तर ‘पॉइंटइंटरव्हल’ला ऋण संख्या देऊन पाहावी: बिंदूभोवती रेषा थोडी तुटते आणि प्रत्येक मोजमाप सुटे उठून दिसते. कोणत्या क्रमांकाला कोणता रंग, कोणता नमुना आणि कोणता बिंदू मिळतो हे पाठ करत बसण्याची गरज नाही. आधी टर्मिनल ठरवावे, मग ‘टेस्ट’ ही एकच आज्ञा द्यावी. त्या टर्मिनलवर उपलब्ध असलेली सगळी रूपे क्रमांकांसह एकाच पानावर येतात. अंतिम छपाई ज्या टर्मिनलमधून होणार आहे त्याचेच हे पान काढून छापून घ्यावे आणि क्रमांक त्यावरून निवडावेत.